अर्धा फेरा

"मग शेवटच्या टेबलावर ती का? मी का नाही?"

ऋत्विजने विचारलं. दस्तगीर उस्ताद चष्मा पुसत राहिले.

कुपवाडच्या त्या शेडमध्ये ऑपरेशनची हत्यारं धुणाऱ्या यंत्रांची हेडं बनत. प्रत्येक हेडात सिरॅमिकच्या दोन चकत्या. दाबल्या की वीज देणाऱ्या, वीज दिली की थरथरणाऱ्या. त्या धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये ठेवायच्या आणि मधून बोल्ट आवळायचा. सैल राहिला तर चकती थरथरताना तडकते. फार आवळला तर तिच्यातला गुणच जातो.

हे शेवटचं आवळणं ज्या टेबलावर होई, तिथं उस्तादांनी तीस वर्षं काढली होती. नजर अधू झाली म्हणून त्यांनी ते सोडलं, असं सगळे म्हणत. आता तिथं दहावी पास शेवंता कोळेकर बसत होती.

"जर्मनीत सहा वर्षं मी याच चकत्यांवर काम केलं," ऋत्विज म्हणाला. "तिथली नोकरी सोडून आलो. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांना ही यंत्रं स्वस्तात मिळावीत म्हणून आलो. आणि मी इथं खोकी चिकटवतोय."

"खोकी चांगली चिकटवतोस, डॉक्टर."

शेवंता मान खाली घालून हसली. ऋत्विजने ते पाहिलं.

"ठीक आहे," उस्ताद म्हणाले. "एक आवळून दाखव. टेबल कुणाचं ते आजच ठरवू."

ऋत्विजने चकत्या पुसल्या. वहीत आकडेमोड केली. पान्यावर खूण लावली आणि सावकाश बोल्ट आवळला. चकत्यांचा गुण मोजणाऱ्या मीटरला तारा जोडल्या.

काटा चौसष्टवर थांबला.

त्याने समाधानाने मान वर केली. समोर फळीवर शेवंताचं हेड होतं. त्याने तेही मीटरला लावलं.

एकाहत्तर.

त्याने पुन्हा पाना उचलला. जरासा फिरवला. सदुसष्ट. आणखी जरासा. एकोणसत्तर.

"पुरे का?" उस्तादांनी विचारलं.

"थोडंच राहिलंय."

त्याने अर्धा फेरा दिला.

काटा थरथरला आणि चाळिसावर येऊन पडला.

ऋत्विजने घाईघाईने बोल्ट सैल केला. अडतीस. पुन्हा आवळला. एकोणचाळीस. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आता नाही यायचा तो," उस्ताद म्हणाले. "दाब काढला म्हणून गेलेला गुण परत येत नाही."

"माहीत आहे मला. डॉक्टरेटच्या प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय मी."

"गणितानं किती काढलं होतंस?"

"चौसष्ट."

"आणि आलं किती होतं?"

"... चौसष्ट."

"मग?"

"तिचं एकाहत्तर होतं."

शेवंता हळूच म्हणाली, "माझं दहा दिवस फळीवर होतं, दादा. मुरलेलं. आवळलं तेव्हा माझंपण चौसष्टच आलं होतं."

ऋत्विज तिच्याकडे पाहत राहिला. ताज्या हेडाची मुरलेल्या हेडाशी तुलना करू नये, हेही त्याच्याच प्रबंधात होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि..." ती थांबली. "आणि मला बरं वाटत होतं."

उस्ताद उठले. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत मेलेल्या चकत्या होत्या. त्यांनी चार उचलून ऋत्विजच्या हातावर ठेवल्या. प्रत्येकीवर शेवंताचं नाव होतं, आणि तारीख.

"ही तारीख..." ऋत्विज म्हणाला. "मी इथं आलो तो आठवडा."

शेवंता पान्याशी चाळा करत राहिली. "तुम्ही त्या वहीत काय काय लिहायचात. मला एक अक्षर कळायचं नाही. वाटायचं, आता आपलं टेबल गेलं. म्हणून... थोडं जास्तच आवळत गेले."

ऋत्विजने आपल्या चकत्या सोडवल्या आणि त्यांवर आपलं नाव लिहिलं. मग पाना शेवंताच्या दिशेने सरकवला. तिने तो घेतला नाही.

खणात ठेवायला तो वाकला, तेव्हा त्याला मागची रास दिसली. पन्नास-साठ तरी असतील. त्यांच्यावर नाव नव्हतं, फक्त तारखा.

"या कुणाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या? तुम्हाला कुणाचा हेवा?"

"ज्यांनी शिकवलं त्यांचा. त्यांच्या हातचं एक हेडसुद्धा कधी वाया गेलं नाही. त्यांना गाठायला मीही थोडं जास्तच आवळत राहिलो."

ऋत्विजने सर्वांत वरची चकती उजेडात धरली. "पण ही तर मागच्या वर्षीची आहे. तुमचे गुरू..."

"एकवीस वर्षं झाली जाऊन."

"म्हणजे टेबल तुम्ही नजरेमुळे नाही सोडलंत?"

उस्तादांनी चष्मा चढवला. चकती हातात घेतली आणि न अडखळता तिच्यावरची बारीक तारीख वाचून दाखवली.

मग म्हणाले,

"गुरू अजून माझ्यापेक्षा अर्धा फेरा पुढं आहेत."