रावसाहेबांच्या ब्रेकची परीक्षा

मिरजेच्या रावसाहेब इंगवल्यांची आजोबांच्या वेळची काळी मोटार ब्रेक दाबला की बोकडासारखी ओरडायची. एक दिवस ओरडणं थांबलं, पण मग गाडीही थांबेना! शेजाऱ्यांचं कुंपण आडवं करूनच ती उभी राहिली.

रावसाहेब गाडी ढकलवत, तणतणत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात आले. "ब्रेक तू बांधलेस, खोट तुझीच! मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"चाकातला ब्रेकचा ड्रम उघडून बघतो, सरकार."

"उघडायचा नाही! न उघडता खोट दाखव, नाहीतर गावभर तुझी अब्रू काढीन."

बघता बघता गर्दी जमली. दस्तगीरांनी वाकून चाक हुंगलं आणि ते हसत गाडीत जाऊन बसले. "सरकार, त्या भिंतीला टेकून उभे राहा. मी गाडी आणतो. आपण बोट लावलं नसेल, तर माझे ब्रेक वीतभर अलीकडे थांबतील. माझा माझ्या कामावर भरवसा आहे, आपला आपल्या शब्दावर असेलच!"

चारचौघांत माघार कशी घेणार? रावसाहेब भिंतीला टेकले. गाडी गुरगुरली, हातभर पुढे सरकली.

"थांब, थांब! ओरडू नये म्हणून मीच चारी चाकांत एरंडेल ओतलंय!"

दस्तगीरांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. गिअरमध्ये असलेली गाडी जागीच उभी राहिली.

"बघा सरकार, ब्रेक ओरडायचे तेव्हा गाडी थांबायची. आज आपण ओरडलात, म्हणून थांबली!"