कवडीच्या गळ्यातला दोरा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या अगदी टोकाला एक म्हातारी राहत होती. एकटीच. मुलगी लग्न होऊन नदीपलीकडे गेलेली, म्हातारा कधीच देवाघरी. घरात बोलायला म्हणाल तर एक कोंबडी, मुलीकडून आणलेली. तांबूस अंगावर पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी.

हसू नका. कोंबडीशी बोलणारी माणसं असतात आणि कोंबड्या ऐकतातही. म्हातारी भाकरी थापायला बसली की कवडी चुलीपाशी येऊन मान तिरकी करून उभी राहायची. "आज मीठ जरा जास्त झालं गं," म्हातारी सांगायची. कवडी 'कुक' करायची. रोज सकाळी जुन्या टोपलीतल्या भुशात अंडं घालायची आणि सगळ्या गावाला ओरडून सांगायची. म्हातारी ते ऊन ऊन अंडं दोन्ही हातांत धरून थोडा वेळ तशीच बसायची. तिचा सगळा जीव त्या कोंबडीत होता.

कुंपणापलीकडे एक कुंभारीण राहायची. मनाची चांगली, पण आवाज असा की चार घरांना ऐकू जावा. दिसेल त्याचं कौतुक करायची तिला खोडच होती. सकाळी माती मळता मळता ती कुंपणावरून हाक मारायची, "मावशी, काय गं तुझी ही कवडी. पिसं बघ कशी तुकतुकीत. आणि अंड्याचा एक दिवस चुकत नाही."

म्हातारीच्या काळजात धस्स व्हायचं. कुणी कशाला चांगलं म्हटलं की त्याला दृष्ट लागते, असं त्या गावात सगळेच मानत. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावत, दुभत्या म्हशीच्या गळ्यात काळा दोरा बांधत. म्हातारीनं कवडीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. पिसांच्या आत, कुणाला दिसणार नाही असा. दिसला तर त्याचा गुण जातो, असंही त्या गावात मानत.

आता म्हशीचा गळा केवढा आणि कोंबडीचा केवढा. पण एवढा विचार म्हातारीनं केला नाही. कवडी तेव्हा तलंग होती, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी. पुढे ती अंगानं भरली, दोरा मात्र होता तेवढाच राहिला. वर आणखी कुंभारणीनं कौतुक केलं, की संध्याकाळी म्हातारी कवडीला मांडीवर घ्यायची, दोरा चाचपायची आणि गाठ जराशी आवळायची.

एके दिवशी पाणवठ्यावर बायकांच्या घोळक्यात कुंभारीण म्हणाली, "आमच्या मावशीच्या कवडीसारखी कोंबडी अख्ख्या पंचक्रोशीत दाखवा मला." झालं. घरी येईपर्यंत म्हातारीला चैन पडेना. त्या संध्याकाळी तिनं नवा दोरा घेतला, दुहेरी केला आणि चांगला घट्ट बांधला.

सकाळी अंडं नव्हतं. ओरडणंही नव्हतं. कवडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, पंख गळालेले, तुरा काळपट पडलेला. काल संध्याकाळी अंगणभर हिंडणारी कोंबडी ती हीच का, असं वाटावं. म्हातारीनं ज्वारी टाकली, ती तशीच पडून राहिली.

शेजारपाजारचे जमले. एकजण म्हणाला, "मानमोडीची साथ दिसते. ही काही वाचायची नाही. आजच कापा, निदान रस्सा तरी होईल." म्हातारीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्यानं चपला घालून निघाला. दुसरी म्हणाली, अंडं अडलंय, शेक द्या. म्हातारीनं फडकं गरम करून शेकलं. तिसरी म्हणाली, वारं लागलंय, लसूण-हळद चारा. चारली, ती चोचीतून परत बाहेर आली. सांगणारे सगळे दारातूनच सांगत होते. कवडीला उचलून घेऊन नीट बघावं, असं कुणालाच सुचलं नाही.

शेवटी म्हातारीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका काही उठला नाही. मिरच्यांचा ठसका उठला नाही म्हणजे दृष्ट मोठी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं पिसांत बोट घालून पाहिलं. दोरा जागेवर होता. दोरा असूनही लागली, म्हणजे नजर किती वाईट. आणि कोणाची, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती.

तुमच्या ध्यानात केव्हाच आलं असेल. पण तुम्ही गोष्ट ऐकताय आणि म्हातारी घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

तेवढ्यात कुंभारीण वाटीत कण्यांची पेज घेऊन आली. कुंपणाला मधे फट होती, तिथूनच दोघींचं येणं-जाणं असे. म्हातारी फटीत आडवी उभी राहिली.

"तूच खाल्लीस माझी कवडी," ती म्हणाली. "तुझ्या तोंडानं खाल्लीस. परत या अंगणात पाय टाकू नकोस."

कुंभारीण वाटी तशीच घेऊन मागे फिरली. म्हातारीनं बाभळीच्या काट्या आणून फटीत कोंबल्या. त्या दिवशी कुंपणापलीकडून कसलाही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी कवडीला उभंही राहवेना. म्हातारी अंगणात तिच्यासमोर भिजवलेली ज्वारी धरून बसली होती. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत होती आणि म्हणत होती, "एक दाणा खा गं. माझ्यासाठी एक."

काट्यांपलीकडून आवाज आला. कुंभारणीचाच, पण इतका हळू की म्हातारीला आधी ओळखू आला नाही.

"मावशी, हवं तर मला शिव्या दे, पण ऐक. मी सकाळपासून बघतेय. ती खात नाही असं नाही. ती दाणा उचलते, मान लांब करते, झटके देते आणि टाकून देते. तिला भूक आहे गं. तिला गिळता येईना झालंय."

म्हातारीनं पाहिलं. खरोखरच कवडीनं दाणा उचलला, मान ताणली, झटकली, आणि दाणा खाली पडला. म्हातारीचा हात आपोआप तिच्या गळ्याकडे गेला आणि तिथेच थिजला. तिला सगळं कळलं.

कवडीला पोटाशी धरून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कात्री घेतली. गुपचूप दोरा कापून टाकावा, कुणाला कळायला नको, असं तिच्या मनात होतं. पण डोळे अधू आणि दोरा पार कातडीत रुतलेला. कवडीनं अंग झटकलं तशी कात्रीची धार गळ्याला लागता लागता राहिली. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. गप्प राहायचं आणि कवडीला जाऊ द्यायचं, नाहीतर जिला तोंड दाखवायची लाज वाटत होती तिलाच हाक मारायची.

म्हातारी बाहेर आली. काट्या तिनं आपल्याच हातांनी ओढून काढल्या. बोटांतून रक्त आलं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ये गं," ती म्हणाली. "तुझे डोळे चांगले आहेत. मला दिसत नाही."

कुंभारणीनं कवडीला मांडीवर घेतलं, पिसं हलकेच बाजूला केली आणि गळा चाचपला. "दोरा आहे," ती म्हणाली. "मऊ दिसतो, पण आम्ही चाकावरून ओलं मडकं कापून उतरवतो ते दोऱ्यानंच. हा कोणी बांधला, मावशी?"

म्हातारीला खोटं बोलता आलं असतं. मुलीकडून आणली तेव्हापासून होता, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मी बांधला," ती म्हणाली. "तुझी नजर लागू नये म्हणून."

कुंभारणीनं नखानं एक पदर उचलला, कात्रीचं टोक खाली सरकवलं आणि कापला. मग दुसरा. मग खालचा जुना. जखमेवर हळद दाबली, चोच उघडून बोटानं थेंब थेंब पाणी सोडलं. कवडीनं घोट घेतला. दोघींनी तो घोट गळ्यातून खाली उतरताना पाहिला, आणि म्हातारी लहान पोरीसारखी रडू लागली.

"तू मला बोल," ती म्हणाली. "काहीतरी बोल."

"काय बोलू?" कुंभारीण म्हणाली. "आमचे हे दिवसभर चाकापाशी. एक शब्द बोलत नाहीत. सकाळी तुझ्याशी दोन शब्द व्हावेत, म्हणून मी कवडीचं नाव काढायचे, मावशी. दुसरं काय बोलावं, मला सुचायचं नाही."

म्हातारीनं तिचा मातीनं खरखरीत झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, सकाळचं अंडं धरावं तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

कवडी पेजेवर राहिली, मग कण्यांवर आली, मग दाण्यांवर. तुरा पुन्हा लाल झाला. आणि एका सकाळी तिनं अंडं घातलं. टोपलीत नाही, फटीतून पलीकडे जाऊन कुंभारणीच्या अंगणातल्या फुटक्या मडक्यात. वर ओरडून दोन्ही घरांना सांगितलं.

कुंभारीण अंडं घेऊन कुंपणाशी आली. "मावशी, काय गं तुझी ही कव..." आणि एकदम तिनं जीभ चावली, मान खाली घातली.

म्हातारी थापती भाकरी तशीच सोडून उठली. फटीपाशी आली.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "बोल की. पिसांचं राहिलंय अजून."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: आपलं कुणी आजारी पडलं, तर दोष कोणाचा म्हणून कुंपणापलीकडे बघण्याआधी त्याला जवळ घ्यावं आणि दुखतंय कुठं ते हात लावून पाहावं, आणि गाठ आपल्याच हातची निघाली, तर ती लपवू नये.