साहेब काही बसेनात

एका गावात एक भोळा गडी होता. नाव तातोबा. शेवंताताईंच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथे पवनचक्कीचे सुटे भाग बनत. तातोबा अंगाने दणकट, मनाने निर्मळ. डोक्यात जे घालाल ते घट्ट धरून ठेवायचा. घालणाऱ्यानेच जपून घालावं.

एकदा गंजून बसलेला नट निघेना. तातोबाने घण घातला. नट तिथेच, टेबल मोडलं.

"अरे देवा! बसलेलं निघत नसेल तर तेल सोडावं!" ताई म्हणाल्या.

"सोडतो की."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधले टर्नर शिवाप्पाकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घसा बसलाय रे."

तातोबाने त्यांची मान मागे केली आणि मशीनचं तेल तोंडात सोडलं. घसा लगेच सुटला. काकांची शिवी शेजारच्या गावात ऐकू गेली.

"बसलेल्याला तेल पाजतात होय? गरम पाणी द्यावं!" ताई ओरडल्या.

"बरं."

त्याच आठवड्यात पवनचक्की कंपनीचे साहेब माल तपासायला येणार होते. त्यांनी सही केली तर वर्षभर काम, नाहीतर वर्कशॉपला कुलूप. ताईंनी जाडजूड शाफ्टवर, म्हणजे चक्कीच्या फिरत्या दांड्यावर, लोखंडी कडं चढवलं आणि म्हणाल्या, "वा! छान बसलंय."

तातोबाने किटलीभर उकळतं पाणी ओतलं.

ताई फडकं घेऊन धावल्या. "गंज चढेल रे! बसलंय ते बसू दे! बसत नसेल तेव्हा तापवायचं. शाफ्ट नाही, कडं! तापलं की फुगतं, शाफ्ट आत बसतो, गार झालं की जन्मात सुटत नाही."

तातोबाने हे पुन्हा पुन्हा घोकलं.

साहेब आले. ताईंनी लोखंडी खुर्ची पुढे केली. "बसा ना, साहेब."

"नको, बसत नाही."

तातोबाचे कान टवकारले. साहेब बसत नाहीत! केवढी पंचाईत!

साहेब वाकून कडं मोजत होते. ताई श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होत्या. तातोबाने खुर्ची गुपचूप मागे नेली, गॅसच्या ज्योतीवर मनापासून तापवली आणि फडक्याने धरून होती तिथे आणून ठेवली.

"झकास काम!" साहेब म्हणाले. "आणा कागद, सही करतो." आणि टेकले.

पुढचं सांगताना मलाच हसू आवरत नाही. साहेब उडाले, पेन उडालं, कागद उडाला. दोन्ही हात मागे धरून साहेब गाडीकडे, खुर्ची घेऊन तातोबा साहेबांमागे, ताई दोघांमागे! गाडी धुरळा उडवत निघून गेली.

ताई मटकन खाली बसल्या. "वाटोळं केलंस रे! काय केलंस हे?"

"तुमी म्हनलासा तसंच केलं, ताई. कडं झ्याक तापवलं हुतं. गार हुईपतोर शाफ्टच थांबला न्हाई!"