कळंबगीचा पाटील दोनदा गाडी चुकला त्याची गोष्ट

फार वर्षांपूर्वी, कळंबगीत घड्याळ नुसतं भिंतीवर मिरवायला टांगत तेव्हा, गावाजवळून छोट्या गाडीचे रूळ टाकायचं ठरलं. कंपनीचे साहेब गावात आले आणि म्हणाले, गावाला लागूनच स्टेशन बांधू. पारावरच्या थोर मंडळींनी तीन दिवस विचार केला. तीन दिवसांत त्यांनी अडीच शेर तंबाखू संपवली आणि एक निर्णय दिला. इंजिन पाणी पितं, ते गावाची विहीर एका दिवसात पिऊन टाकेल, सबब गाडी लांबून न्यावी.

साहेबांनी मान हलवली आणि गाडी पाऊण मैल लांबून, उघड्या माळावरून नेली. म्हणून स्टेशनचं नाव नुसतं कळंबगी नाही, कळंबगी रोड आहे. ते दोन अक्षरी ‘रोड’ म्हणजे पारावरच्या शहाणपणाची पाटी आहे, आणि ती अजून तिथेच आहे.

रूळ टाकायला वडारांची टोळी आली होती. त्या टोळीत हणमव्वा नावाची बाई होती. ती रुळाला कान लावायची आणि गाडी किती लांब आहे ते सांगायची. असं म्हणतात, की गाडीला डबे किती, डब्यात माणसं किती आणि त्यातली भांडणारी किती, हेसुद्धा तिला रुळातून ऐकू यायचं.

हणमव्वाला कुठलंच गाव नव्हतं. जिथे काम तिथे तीन दगड मांडायचे, काम संपलं की चूल मोडायची. अशा एकशे एक चुली तिने मोडल्या होत्या. कळंबगी रोडचं काम संपलं, टोळी पुढे गेली, तेव्हा तिने चुलीला हात लावला नाही.

“मी न्हाई येत,” ती म्हणाली. “ही चूल मोडायची न्हाई.”

साहेबांनी तिला ठेवून घेतलं. तुटक्या रुळाचा एक हातभर तुकडा त्यांनी लिंबाला टांगला आणि सांगितलं, गाडी जवळ आली की हा वाजव. पण त्यांनी एक अटही घातली. तीन महिने गाडी इथे रोज एक मिनिट थांबेल. शेवटच्या दिवशी मी स्वतः येईन. त्या दिवशी वीस माणसं गाडीत चढली तर स्टेशन राहील. नाहीतर पाटी उपटू, आणि हणमव्वा, तुझी झोपडीही.

वीस माणसं म्हणजे काही फार नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात बसगोंडा पाटील गाडीने जायला निघाले.

पाटलांनी रुळाचा टोला ऐकला आणि फेटा बांधायला घेतला. फेटा मनासारखा बसेना. त्यांनी गडी पुढे पाठवला. “गाडीला सांग म्हणावं, पाटील निघालेत.” गड्याने धावत जाऊन इंजिनासमोर हात जोडले आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. कासमभाई ड्रायव्हर हसून हसून वाकला, पण गाडी सोडली. पाटील माळावर पोचले तेव्हा तिथे फक्त धूर होता आणि हणमव्वा होती.

“थांबली न्हाई?” पाटलांनी विचारलं.

“थांबली की. एक मिनिट.”

“माझ्यासाठी न्हाई थांबली?”

“तुमच्यासाठीच थांबली हुती, पाटील. तुम्हीच न्हाई आला.”

पाटील घरी न जाता थेट पारावर गेले. त्याच संध्याकाळी ठराव झाला, की गाडीने गावाचा अपमान केलेला आहे, तेव्हा गाडी स्वतः माफी मागत नाही तोवर कळंबगीचा कुणीही तिच्यात पाय ठेवणार नाही. गाडी माफी कशी मागणार, हे कुणी विचारलं नाही. पारावर असले प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

दोन महिने गेले, अडीच गेले. गाडी रोज यायची, मिनिटभर थांबायची आणि रिकामी जायची. हणमव्वा रोज टोला द्यायची. शेवटचे तीन दिवस उरले तेव्हा ती पारावर गेली आणि म्हणाली, “परवा वीस माणसं द्या. तेवढ्यानं गावाचं स्टेशन ऱ्हाईल, आणि माझी चूल ऱ्हाईल.”

“तुझ्या चुलीसाठी गावाचा मान घालवू?” पाटील म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिथून हणमव्वा विहिरीवर गेली. विहिरीवर बायका होत्या आणि त्यांच्यात पाटलांची बायको निलाक्का होती. निलाक्काची एकुलती एक लेक चार स्टेशनं पलीकडे दिलेली होती. बैलगाडीने जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. दोन वर्षं तिने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि नातवाचं तर एकदाही नाही.

“गाडीनं किती वेळ लागतो गं?” तिने विचारलं.

“भाकरीचं पीठ मळून ठेवावं, जाऊन यावं आन् थापावी,” हणमव्वा म्हणाली.

बायकांचे हात दोरावरच थांबले. पोहरे वरच्या वर राहिले.

“पण निघायचं कसं?” एकजण म्हणाली. “वेशीतच अडवतील. कुठं चालला म्हणून विचारतील.”

तेव्हा निलाक्का हसली. “अगं, एवढ्या वर्षांत घागर डोक्यावर असताना कुठं चालली म्हणून कुणी इचारलंय तुला?”

कुणीच विचारलं नव्हतं. बाई पाण्याला निघाली की ती कुठे जाते, किती लांब जाते, केव्हा येते, हे कळंबगीत कुठल्याही पुरुषाने कधी विचारलं नव्हतं.

हणमव्वाने कासमभाईला गाठलं. “इंजिनाला पाणी पाजलं तर थांबशील?”

“मावशी, चढ चढून आलेलं इंजिन तहानेनं मरतं इथं,” कासमभाई म्हणाला. “टाकी भरेपर्यंत मी हलतच नाही. साहेब डोक्यावर बसला तरी.”

तिसऱ्या दिवशी पहाटे कळंबगीच्या ऐंशी बायका पाण्याला निघाल्या. विहिरीपासून माळापर्यंत त्यांनी ओळ धरली. बायका ऐंशी आणि वाट पाऊण मैल, म्हणून प्रत्येकीने वीस पावलं चालायचं आणि घागर पुढचीच्या हातात द्यायची. कुणाच्या पुढे कोण उभी आहे, कुणाच्या घागरीला कोण शिवलं, हे त्या दिवशी बघायला वेळच नव्हता. मागाहून पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, तेव्हा निलाक्का म्हणाली, “इंजिनाची जात सांगा, मग बघू.”

गाडी यायच्या आधी रुळाच्या कडेला दोनशे भांडी भरून उभी होती. घागरी होत्या, हंडे होते, जावयाच्या आंघोळीचं घंगाळसुद्धा होतं. मग हणमव्वाने रुळाला कान लावला, उठली आणि टोले दिले. असं म्हणतात, की त्या दिवशीचे टोले चार स्टेशनांपर्यंत ऐकू गेले आणि निलाक्काच्या लेकीने पोराला काजळ घालायला घेतलं.

टोल्यांनी पाटील जागे झाले. तांब्यात पाणी नव्हतं, घरात बायको नव्हती. तसेच बाहेर आले तर विहिरीपासून माळापर्यंत बायकाच बायका. त्यांना काही कळेना. तेवढ्यात निलाक्काने शेवटची घागर त्यांच्या हातात दिली. त्या घागरीला लाल चिंधी बांधलेली होती.

“गाडी थांबलीया,” ती म्हणाली. “पाणी मागतीया. चला, न्या.”

“गाडी थांबलीय? माझ्यासाठी?”

“ही घागर आल्याबिगर हलणार न्हाई म्हणतीया.”

हे खरंच होतं. शेवटच्या घागरीशिवाय टाकी भरणार नव्हती.

पाटलांनी घागर खांद्यावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा घेतली, म्हणून निम्मं पाणी अंगावर सांडलं. ते जसजसे पुढे गेले तसतशी एकेक बाई ओळ सोडून त्यांच्या मागे चालू लागली, कारण ठरलंच तसं होतं, की लाल चिंधी पुढे गेली की मागे निघायचं. पाटलांनी वळून पाहिलं तर मागे दहा बायका, मग तीस, मग साठ. त्यांना वाटलं, गाव आपल्या मानाला निघालंय. त्यांची छाती फुगली. ते आणखी ताठ चालले आणि आणखी पाणी सांडलं.

माळावर साहेब उभे होते. पाटलांनी घागर कासमभाईच्या हातात दिली, कासमभाईने ती टाकीत रिकामी केली आणि सलाम ठोकला. इंजिनाने अशी शिट्टी दिली, की पाटील म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. केली माफ.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. ऐंशीच्या ऐंशी बायका गाडीत चढल्या होत्या. प्रत्येकीने पदराची गाठ सोडून तिकीट काढलं होतं. साहेबांनी विसापर्यंत मोजलं, हसले आणि वही मिटली.

टाकी भरली होती. गाडी हलली. पाटील रिकामी घागर घेऊन दहा पावलं धावले. “अगं, थांबा! आज भाकरी कोण थापणार?”

खिडकीतून निलाक्काने हात हलवला. “पीठ मळून ठेवलंय!”

असे पाटील दुसऱ्यांदा गाडी चुकले.

थोड्या वेळाने गावातले सगळे पुरुष एकेक करून माळावर आले. कुणाला चूल पेटवता येत नव्हती. ते गाडी गेली त्या दिशेला बघत बसले. हणमव्वाने थोडा वेळ मजा पाहिली आणि मग म्हणाली, “पाटील, चूल हाय माझ्याकडं. पीठ तुम्ही आणा.”

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा ऐंशी बायका खाली उतरल्या, निलाक्का सर्वांत शेवटी, नातवाच्या काजळाचा डाग गालावर घेऊन. रुळाच्या कडेला पानं वाढून ठेवली होती. भाकऱ्या वाकड्या होत्या, काही करपलेल्या होत्या आणि एक पाटलांची होती. बायकांनी त्या सगळ्या खाल्ल्या आणि हसत हसत खाल्ल्या. आणि विहिरीचं पाणी त्या दिवशी आटलं तर नाहीच, उलट हातभर वर आलं, असं म्हणतात.

स्टेशन राहिलं. स्टेशनभोवती चहाचं दुकान आलं, मग बाजार आला, शाळा आली. आज सगळं गाव माळावरच आहे आणि पार तिकडे एकटाच पडलाय. हणमव्वा खूप जगली. एका दुपारी तिने रुळाला कान लावला, “आली गं,” म्हणाली आणि टोला दिला. त्या वेळेला कुठलीच गाडी नव्हती. लोक धावत आले तर लिंबाखाली कुणी नव्हतं, फक्त रुळाचा तुकडा घुमत होता. ती गाडी तिला एकटीलाच ऐकू आली, असं म्हणतात.

आता रूळ मोठे झालेत आणि इंजिनाला पाणी लागत नाही. तरी दर मार्गशीर्षात एका दिवशी कळंबगी रोडच्या सगळ्या बायका सकाळच्या गाडीने निघून जातात. जायच्या आधी एक घागर इंजिनाच्या चाकावर ओततात, आणि ती लाल चिंधीची घागर विहिरीपासून आणायचा मान पाटलांच्या घरातल्या थोरल्या पुरुषाचा असतो. त्या दिवशी कुणासाठी काही थांबत नाही. आणि संध्याकाळी गाडीच्या वेळेला लिंबाखाली, हणमव्वाने कधीच न मोडलेल्या त्या तीन दगडांवर, गावातले पुरुष भाकऱ्या थापत असतात. अजूनही वाकड्याच होतात.