पाइपच्या आतला थर

"मग मागच्या दोन्ही बॅचची पिल्लं कशानं मेली?" मुजावर सरांनी विचारलं.

"ते शोधू, सर. पण या पाण्यानं नाही."

शार्दूल घोरपडे तरुण पशुवैद्य. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. या कोंबड्यांच्या शेडच्या पाण्याच्या पाइपात त्यानं जंतुनाशक सोडलं होतं, मग पाणी तपासून आणलं होतं. एकही जंतू सापडला नव्हता.

बाहेर नव्या पिल्लांची गाडी उन्हात उभी होती. चिवचिवाट आतपर्यंत येत होता.

"उतरवू का, डॉक्टर?" शेडच्या मालकीण छबूताई दारातून म्हणाल्या. "जीव कासावीस झालेत त्यांचे."

"उतरवा."

"थांबा," सर म्हणाले.

शार्दूलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्याकडे शिकलो, त्यांनीच चारचौघांत आपलं नाक कापावं? त्यानं पाइपाखाली पेला धरला, काठोकाठ भरला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"बघा."

सरांनी बघितलं. मग पाइपचा जोड सोडवला, आत बोट घातलं आणि फिरवलं. बोट बाहेर आलं ते शेंबडासारखा बुळबुळीत थर घेऊनच.

शार्दूलनं हातातला रिकामा पेला खाली ठेवला.

"पाण्यात सुटा फिरणारा जंतू तुझ्या औषधानं मेला," सर म्हणाले. "तू त्यालाच शोधलंस. हे पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटून, अंगावर चिकट पांघरूण घेऊन बसलेत. औषध वरच्यांना लागतं. खालचे जगतात, वाढतात, पुन्हा पाण्यात उतरतात."

"पण एवढे वाढले कशावर?"

सर छबूताईंकडे वळले. "पिल्लं आली की आधी काय पाजता?"

"गुळपाणी. लांबून दमून येतात बिचारी."

"याच पाइपातून?"

"पूर्वी भांड्यातनं द्यायचो. डॉक्टर म्हणाले, पाइपातनंच सोडा, सगळ्यांना सारखं मिळेल."

"म्हणजे गूळ यांनाही मिळाला," सर म्हणाले.

"मी आणखी कडक औषध सोडतो," शार्दूल घाईनं म्हणाला.

सर ते बोट तसंच त्याच्यासमोर धरून उभे राहिले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"ताई..." शार्दूल छबूताईंकडे वळला. "पिल्लं उतरवा, पण पाणी भांड्यातून द्या. पाइप सगळा खोलून आतून घासायला हवा. तुमची आधीची पिल्लं... माझ्या सांगण्यामुळे गेली."

छबूताई मग पदर खोचून भांडी आणायला गेल्या.

शार्दूल पाइपचा पुढचा जोड सोडवायला बसला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"सुटलो, सर," तो म्हणाला.

सरांनी अजून बोट पुसलं नव्हतं.

"पाइपातून गुळपाणी सोडा, असं आणखी कुणाकुणाला सांगून आलायस?"