केतकीच्या नावाचा मेल

“तिच्यात असं काय आहे, बाबा, जे माझ्यात नाही?”

दस्तगीरबाबा बशीतला चहा फुंकत राहिले.

बाबा पूर्वी टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. आता कृष्णाकाठच्या एका दर्ग्यामागे राहायचे आणि येईल त्याला इंटरनेटचं काम शिकवायचे. विचारणारा प्रद्योत त्यांचा सर्वांत जुना शिष्य. वेबसाइटचं पान तो डोळे मिटून रचायचा. पण दर्ग्याच्या मेलची किल्ली बाबांनी काल केतकीच्या हवाली केली. कालपरवा आलेली पोरगी! त्या किल्लीनं दर्ग्याच्या प्रत्येक मेलवर न दिसणारी सही उमटायची.



“पान मागितलं की सर्व्हर पान देतो,” तो म्हणाला. “मी इतकी वर्षं इथं आहे. मला काय मिळालं?”

“पान नसलं तर ‘सापडलं नाही’ म्हणतो,” बाबा म्हणाले. “ पण उत्तर देतो. आधी कुणीतरी मागावं लागतं, बेटा. तू कधी मागितलंस?”



बाबांनी आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. “हा सकाळी आलाय. वाच.”

मेल केतकीच्या नावानं होता. ‘बाबा, मला हे झेपणार नाही. किल्ली प्रद्योतदादांना द्या.’ तिची नेहमीची हिरवी चौकट, तिचाच तिरका टाइप.

“चौकट सुबक जमलीय,” बाबा म्हणाले. “कोड कुणी लिहिला असेल?”

प्रद्योतचे कान तापले.

“पत्ता तर तिचाच आहे. मग स्पॅममध्ये का पडला?” बाबांनी विचारलं.

“...सही नाही त्याच्यावर.” त्याचा आवाज खोल गेला. “आणि ज्या मशीनवरून निघाला, त्याला दर्ग्याच्या नावानं पाठवायची परवानगी नाही. घेणारा सर्व्हर दोन्ही तपासतो.”

“हे केतकीला तूच शिकवलंस ना?”

“हो.”

“मग विसरलास कसा?”

“तिचं नाव टाइप करताना... दुसरं काही दिसतच नव्हतं, बाबा.”

बाबांनी उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतला आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

“तुम्ही स्पॅम कशाला उघडता?” प्रद्योतनं विचारलं.

“माझी माणसं कधी कधी तिथं पडलेली असतात.”

प्रद्योतनं स्वतःचा फोन काढला. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी पाठवलं.

बाबांचा फोन वाजला. साधा मेल; ना चौकट, ना रंग.

‘बाबा, मला केतकीचा हेवा वाटतो. किल्ली मला हवी होती. मला द्या. प्रद्योत.’

“देणार?”

“नाही.”

चहा तसाच राहिला. प्रद्योत उठला, उंबऱ्यापाशी चपला घालू लागला.

“जातो मी, बाबा.”

बाबा हसले.

“आत्ता कुठं आलायस.”