नदीचं दार

"मेलेल्या माणसाचं काम कोन करते, आबाजी? सांगा ना. कोन करते?"

मी विचारलं तेव्हा आबाजी रेतीत बसून चुलीची राख फडक्यातून गाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी करतो," मी म्हणालो. "ताईचं काम मीच करतो."

"तुले नदी होता येते?"

"सारं पाठ आहे मले."

"पाठ काय? तिले तं बोलनंच नाही."

आमच्या गावची पोरं उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात दंडार करतात. उघड्यावरचं नाटक. आबाजी ते बसवतात. यंदाचा खेळ पन्नास वर्षांनंतरच्या गावाचा होता. त्यात नदी आटलेली असते. पोरांना माशांची नावं ठाऊक नसतात. शेवटी नदी येते. काही बोलत नाही. एकेका गावकऱ्यापुढे ओंजळ धरते आणि पाणी मागते.

माझी सुकेशनीताई नदी व्हायची.

मागच्या महिन्यात तालमीहून घरी येताना ती नेहमीच्या उतारावर नदीच्या उरलेल्या धारेत शिरली. पलीकडे जायला आम्ही लहानपणापासून तिथूनच उतरायचो. पाणी गुडघाभर. रेतीवाल्याच्या मशीननं रात्रीतून तिथं खड्डा केला होता. वरून दिसत नव्हता.

"मी बोलनार," मी म्हणालो. "तो रेतीवाला आज पुढं खुर्चीवर बसनार आहे ना? सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतो. आन् नाव घेऊन झालं का..."

मी हातातला दगड दाखवला.

आबाजींनी दगड नीट पाहिला.

"मोठा आहे. एवढा तुह्यानं तिथवर जात नाही. लहान घे."

"थट्टा नका करू, आबाजी!"

"बरं. आधी रिंगण घाल."

खेळाआधी रेतीत राखेचं रिंगण घालतात. नदीच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडतात. तिला आम्ही नदीचं दार म्हणतो. बाकीचे राख ओलांडून कुठूनही आत येतात. त्या दारातून फक्त ताई यायची.

दगड खाली ठेवून मी टोपली घेतली. रागारागानं रिंगण घातलं. जिथून सुरू केलं तिथं आणून मिळवलं.

आबाजींनी फडकं खांद्यावर टाकलं.

"हे काय केलं?"

"लावलं दार. कोन येनार आता तिकडून?"

"रोज संध्याकाळी कुठं जाऊन बसतो तू?"

मी टोपली टाकून दगड पुन्हा उचलला.

"सांग ना बे."

"उतारावर."

"कायले?"

"असंच. ताई येईल वाटते..."

आबाजी गुडघ्यावर हात देऊन उठले. अनवाणी पायानं त्यांनी नदीकडची राख पुसली. पुसून झाल्यावरही पाय थोडा वेळ तिथंच ठेवला.

मग ते लाल खुर्चीकडे गेले. सरपंचानं ती खास रेतीवाल्यासाठी पाठवली होती. आबाजींनी ती ओढत आणली आणि दाराच्या बरोबर समोर ठेवली. तोंड नदीकडे. तिथून उतार सरळ दिसत होता.

"पोरं सारा खेळ करतील," ते म्हणाले. "शेवटी सारे खाली बसतील. दाराकडं पाहत."

"आन् नदी?"

"नदीचं काम कोनी करनार नाही."

"मंग खेळ संपनार कसा?"

खुर्चीचा एक पाय रेतीत रुतत होता. आबाजींनी माझ्या हातातला दगड काढून घेतला आणि त्या पायाखाली सरकवला. खुर्ची हलवून पाहिली. हलली नाही.

काठावर रेतीवाल्याची जीप थांबली. धूळ खाली पात्रापर्यंत आली. दार उघडल्याचा आवाज झाला, कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"आबाजी," मी म्हणालो, "ताई येनार नाही."

"हो."

"मंग तो कोनाची वाट पाहीन?"

आबाजींनी खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसली.

"तुले बसाची सवय झाली," ते म्हणाले. "आता त्याले लागू दे."